पंधरा थेंबांचा एमएल

मी बाद झालेली ब्युरेट बोलतेय. ब्युरेट म्हणजे हातभर लांबीची काचेची नळी. अंगावर बारीक रेघा, खाली तोटी, तोटीखाली निमुळतं टोक. एका द्रावणात दुसरं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं, रंग बदलला की थांबायचं आणि किती सोडलं ते माझ्या अंगावर वाचायचं, एवढंच माझं काम. माझा शून्य वर असतो आणि पन्नास खाली. म्हणजे मी जितकी रिकामी, तितका माझा आकडा मोठा. सध्या माझा आकडा बराच मोठा आहे.

कारखान्यात मला भट्टीत वितळवलं, ओढून लांब केलं आणि अंगावर रेघा कोरल्या. कोरताना दुखतंय का, असं कुणी विचारलं नाही. मग कागदात गुंडाळून आम्हा बारा जणींना एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाठवलं. तिथे मी पाच वर्षं इमानेइतबारे उभी होते.

आठवड्यातून दोन दिवस तिथे नर्सिंगच्या मुली यायच्या. त्यांना पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र असायचं. ते शिकवणारे सर केस काळे करायचे आणि जोक वीस वर्षांपूर्वीचेच सांगायचे. "तुम्हाला पुढे बेडपॅनच उचलायची आहेत, मोलॅरिटी कशाला हवी?" असं म्हणायचे आणि परीक्षेत त्याच मोलॅरिटीवर, म्हणजे द्रावण किती तीव्र यावर, नापास करायचे. एकदा प्रयोग दाखवताना त्यांनी मला स्टँडवरून घाईने ओढलं आणि माझं टोक बेसिनच्या कडेवर आपटलं. टवका उडाला. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या सगळ्यात लहान मुलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "या नर्सिंगच्या पोरींना काच हातात धरता येत नाही!"

पोरगी काही बोलली नाही. वर्गही काही बोलला नाही. प्रयोगशाळेच्या काकांनी तर सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी शांतपणे लाल रंगाची कुपी आणली, माझ्या अंगावर 'बाद' असं लिहिलं आणि मला फुटक्या काचांच्या खोक्यात टाकलं. मोठ्या माणसांचा हा समजूतदारपणा मी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिला.

त्याच मुलीने मला खोक्यातून उचललं. तिला सगळे बारकी म्हणायचे. एप्रनमध्ये गुंडाळून तिने मला वसतिगृहात नेलं, कपडे वाळवायच्या खोलीत. तिथे सलाईनचा एक जुना स्टँड होता, एक चाक नसलेला. मुली त्यावर मोजे वाळत घालायच्या.

"हे काय उचलून आणलंस?" एक जाड भिंगांची मुलगी म्हणाली. तिला चष्मा म्हणायचे. वर्गात पहिली, बोलायला फटकळ.

"घरच्या घरी प्रॅक्टिस. ताईसाठी."

ताई दारात उभी होती. एक्केचाळीस वर्षांची, हातात बँडेजचा रोल. तिने मला उभं धरलं, स्टँडला टेकवलं आणि बँडेज आठाच्या आकड्यात फिरवून अशी गाठ मारली की मी तसूभर हलेना. मला इतक्या काळजीने कुणी बांधलं नव्हतं. ती गाठ अजून सुटलेली नाही.

ताई आधी आठ वर्षं एका हॉस्पिटलात आया होती. वॉर्डात तिला सगळे मावशी म्हणायचे. डॉक्टर मावशी म्हणायचे, पेशंट मावशी म्हणायचे, तिच्याहून दहा वर्षांनी मोठी हेडसिस्टरही मावशीच म्हणायची. एक दिवस तिने ठरवलं, आपणही नर्स व्हायचं. घरात सासऱ्यांनी विचारलं, "पोरीच्या वयाच्या मुलींत बसून काय दिवे लावणार आहेस?" ती तरीही आली. इथे पहिल्या दिवशी बारकीने तिला ताई म्हटलं, आणि तो शब्द ऐकून ती बाथरूममध्ये जाऊन रडली. हे तिनेच एकदा हसत हसत सांगितलं.

रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ती एकदा नापास झाली होती. दुसऱ्यांदा नापास झाली की नाव कमी, असा नियम होता. बाकी सगळ्या विषयांत ती पहिल्या पाचात. अडलं होतं ते एवढ्यावरच.

मग रोज दुपारी, वॉर्डातून आल्यावर, तिघी माझ्यापाशी जमायच्या. बारकी मेसमधून जांभळ्या कोबीची टाकलेली पानं आणायची. त्यांचं पाणी उकळलं की रंग तयार. माझ्यात धुण्याचा सोडा, खाली ग्लासात व्हिनेगर आणि कोबीचं पाणी. गुलाबी रंग निळा झाला की थांबायचं.

"मोल म्हणजे काय, ताई?" चष्मा विचारायची.

"डझन."

"डझन नाही गं!"

"तूच म्हणालीस डझनासारखं."

"सारखं म्हणाले!"

"मग मोठा डझन. पुढे चल."

चादरींच्या घड्या घालताना त्या संयुजा पाठ करायच्या. दोघी दोन टोकं धरायच्या, एका घडीला एक मूलद्रव्य. सोडियम एक, कॅल्शियम दोन, ॲल्युमिनियम तीन, आणि चादर संपायची. ताई त्याची परतफेड करायची. पेशंट पलंगावर असतानाच चादर कशी बदलायची, हातावर शीर दिसत नसेल तर बोटाने कशी ओळखायची, जखमेचा वास आला की तोंडाने श्वास कसा घ्यायचा. बारकी पहिल्या आठवड्यात ड्रेसिंग पाहून दोनदा ओकली होती. ताईने तिला शिकवलं, "जखमेकडे बघूच नकोस. तिच्याभोवतीच्या माणसाकडे बघ."

असे दिवस माझ्या वाट्याला पूर्वी आले नव्हते आणि नंतरही नाहीत.

पण एक गोष्ट मला कळली होती आणि त्या दोघींना कळली नव्हती. ताईला माझ्या रेघा दिसत नव्हत्या.

लांबचं तिला लख्ख दिसायचं. वॉर्डाच्या या टोकावरून त्या टोकाचा सलाईनचा थेंब दिसायचा. जवळचं मात्र धूसर. आकडा वाचायची वेळ आली की ती मान मागे घ्यायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "चष्मे, तू बघ गं, तुझं अक्षर चांगलं आहे." एकदा गंमत म्हणून तिने चष्माचा चष्मा लावून पाहिला. तो लांबच्या नंबरचा. रेघा होत्या त्याही गेल्या. ती दाराच्या चौकटीवर आपटली. तिघी हसल्या. बारकी म्हणाली, "ताई, तू आता म्हातारी झालीस!"

ताईही हसली. त्यानंतर तिने डोळ्यांचा विषय काढला नाही.

एका दुपारी ती एकटीच आली. हातात पाच एमएलची सिरिंज, दट्ट्या काढलेली, बुडाला बोट लावलेलं. सिरिंजवरच्या रेघा जाड आणि काळ्या असतात, त्या तिला दिसायच्या. तिने माझ्याखाली सिरिंज धरली आणि थेंब मोजायला लागली. पुन्हा पुन्हा मोजले. दरवेळी पंधरा थेंबांना एक एमएल. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. वॉर्डात तिने आठ वर्षं हेच केलं होतं. सिस्टरला वेळ नसला की घड्याळ आणि थेंब सांभाळायची ती. आता रेघा वाचायची गरजच नव्हती. थेंब मोजायचे, पंधराने भागायचं, आकडा लिहायचा.

मी ओरडायला हवं होतं. माझं टोक तुटलंय गं! तुटक्या टोकाचा थेंब जाडा असतो, धड टोकाचा बारीक. प्रयोगशाळेत माझ्या बहिणींचे वीस थेंब होतात एका एमएलला. पण काच काय ओरडणार? मी टपटपत राहिले.

त्या दोघींना वाटायचं, ताई पहिल्या थेंबापासून इतकी सावकाश सोडते, किती काळजीने करते. ताईचे ओठ हलायचे. "देवाचं नाव घेते," बारकी म्हणायची. ती एकशे बारा, एकशे तेरा म्हणत असायची.

परीक्षेच्या दिवशी काय झालं ते मला त्या तिघींच्या बोलण्यातून कळलं. ताईने तीन वेळा प्रयोग केला. तिन्ही वेळा उत्तर एकच, तेरा पॉइंट सहा. खरं उत्तर होतं दहा पॉइंट दोन. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तिन्ही वेळा एकच चूक? बाई, आकडे मनाने लिहायचे तरी जरा वेगवेगळे लिहायचे. घरी पोरगी आठवीत आहे ना? तिला विचारून यायचं." वर्ग हसला. शेवटी ते म्हणाले, "या वयात झेपत नाही. उगाच एक जागा अडवून ठेवली."

खोलीत आल्यावर चष्मा चिडलेली होती. "तेरा पॉइंट सहा आलंच कुठून? मी शेजारच्या टेबलावर होते. तू बरोबर रंगाला थांबली होतीस!"

ताई म्हणाली, "दोनशे चार थेंब झाले. पंधराने भागले."

"थेंब? थेंब कशाला मोजलेस?"

"रेघा दिसत नाहीत मला."

चष्मा तिथेच खाली बसली. बारकी म्हणाली, "अगं मग सांगायचंस ना!"

"सांगणार होते. तुम्ही हसलात."

चष्माने माझ्या तुटक्या टोकाकडे पाहिलं आणि भिंतीवर खडूने दोनशे चार भागिले वीस केलं. दहा पॉइंट दोन. ताईने लांबून तो आकडा वाचला, सहज.

"सेट बदलला की थेंब बदलतो," ती म्हणाली. "सलाईनच्या नळीचा नवा सेट लावला की नव्या सिस्टरांना हे मीच सांगायचे. आणि मीच विसरले."

दोनशे चार थेंब, तीन वेळा, एकही न चुकवता. असा हात त्या अख्ख्या कॉलेजात दुसरा नव्हता. दोघी सरांकडे गेल्या. बारकीने त्या दिवशी पहिल्यांदा सरांसमोर तोंड उघडलं. ब्युरेट कुणी फोडली तेही सांगितलं. सर म्हणाले, नियम म्हणजे नियम. प्राचार्य मॅडमनी अर्ज ठेवून घेतला आणि सांगितलं, "डोळे तपासायला हवे होते ना आधी." डोळे तपासा असं या बाईला वर्षभरात एकाही शिक्षकाने सांगितलं नव्हतं, हे मॅडमच्या लक्षात आलं नाही. या माणसांच्या लक्षात काय काय येत नाही, ते लिहायला माझ्या सगळ्या रेघा पुरणार नाहीत.

ताईने जाताना चादरींची घडी एकटीने घातली. ती नीट बसली नाही.

बारकी आणि चष्मा पास झाल्या. पुढच्या वर्षी त्यांना हॉस्पिटलजवळच्या वसतिगृहात खोली मिळाली. चष्मा एकदा आली होती, विसरलेले मोजे न्यायला. माझ्याकडे पाहिलं, हात पुढे केला, मागे घेतला आणि निघून गेली. मी तिला दोष देत नाही. ज्याच्याकडे पाहिलं की आपलं हसू आठवतं, त्याच्याकडे कोण थांबणार?

नव्या मुली माझ्यावर ओले रुमाल वाळत घालतात. मी काय आहे हे त्यांना माहीत नाही. शेवटच्या दिवसाचं सोड्याचं पाणी माझ्यात तसंच राहिलं होतं. ते हळूहळू सुकलं, पण ते जिथवर होतं तिथे काचेवर पांढरट कडं उमटून राहिलं. खिडकी बंद असते. मोज्यांचा वास येतो. एवढंच.

आज सकाळी मात्र दार उघडलं. चादरींची गाडी ढकलत ताई आत आली. अंगावर आयाचा गणवेश. वसतिगृहाची धुलाई आता हॉस्पिटलकडे गेली आहे, म्हणून ती इथे. गळ्यात दोरीला चष्मा होता. जवळचा.

तिने आधी गाठीला हात लावला. मग चष्मा डोळ्यांवर चढवला, गुडघे वाकवले, नजर त्या पांढऱ्या कड्याच्या पातळीत आणली, अगदी शिकवतात तशी. मान मागे घेतली नाही.

"बावीस पॉइंट चार," ती म्हणाली.

अचूक. आणि मग ती थांबली. थेंब मोजून आकडा सांगितल्यावर ती नेहमी थांबायची, चष्माचं लिहून होईपर्यंत. खोलीत रुमालांशिवाय कुणी नव्हतं.

"मावशी! चादरी झाल्या का?" बाहेरून कुणीतरी हाक मारली.

"आले," ती म्हणाली, आणि गेली.

मला लिहिता येत नाही. तुमच्याजवळ पेन असेल तर घ्या लिहून. बावीस पॉइंट चार. वाचणारीचं नाव लिहिताना मावशी लिहू नका. ताई लिहा.