लेकीच्या घरचं पाणी

आमचा मुलगा भैयाजी शहराच्या कमिटीत निवडून आला आणि जोडे घालून चुलीपर्यंत यायला लागला. बोलावं तर म्हणतो, "माय, तुले का समजते?" त्याला चालायला मी शिकवलं, हे तो विसरला असेल, मी नाही.

आमगाव रस्त्याकडचा तलाव आमच्या मालकांनी, भैयाजीच्या बापानं, खोदला आणि रिवाजाप्रमाणे त्याचं लग्न लावलं. मधोमध सागाचा खांब उभा केला, तो नवरदेव. तलाव आमची लेक. बिनलग्नाच्या तलावाचं पाणी आमच्याकडे कोणी तोंडाला लावत नाही. लग्नाला गोरा साहेब आला होता, त्यानंही तलावाच्या पाळीवर चढताना बूट काढले. कन्यादान करून तलाव शहराच्या कमिटीला दिला. दिला तो दिला. लेकीच्या घरचं पाणी आईबाप पीत नाहीत. आम्ही आमच्या विहिरीचंच प्यालो. मालक शेवटच्या तापात होते तेव्हा विहीर आटली होती. शेजारची नंदाबाई तलावाच्या पाण्याचा गडवा घेऊन आली. मालकांनी तोंड फिरवलं.

कमिटीनं तलाव बरा सांभाळला, खोटं कशाला बोलू? म्हशी आणि धुणी दुसऱ्या लहान बोडीवर. उन्हाळ्यात गाळ काढायचा. खांबाला लोखंडी कडं ठोकलेलं. पाणी कड्याखाली गेलं की शेताकडे पाणी सोडायची मोरी बंद, उरलं ते शहराला प्यायला.

यंदा हस्त कोरडा गेला. धान नुकतं निसवलं होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या. एका सकाळी तलावाचा राखणदार मंगरू दारात आला.

"काऊन रे, इतक्या सकाळी?"

"बाई, भैयाजीनं मोरी खोलाले लावली. म्हणे, कमिटीचा हुकूम होय. पण पाणी तं तुमच्याच धानाच्या बांधीत जाऊन राहिलं."

मी पदर खोचून निघाले. खांबाचं कडं उघडं पडलं होतं. आजूबाजूच्या बांध्यांना भेगा, आमची तेवढी चकाकत होती. भैयाजी बांधावर उभा.

"तू कायले आली, माय? धान मरून राहिलं आपलं. दो दिन का तो मामला है."

"अन् चैत-वैशाखात शहरानं का प्यावं?"

"तवाचं तवा पाहू. तलाव तं आपल्याच बापानं खोदला ना!"

मी मंगरूकडे वळले. "लाव मोरीले फळी."

तो भैयाजीकडे बघू लागला.

"तिकडे का पाहतं? मी सांगून राहिली ना!"

मंगरूनं फळी टाकली. मी गुडघाभर पाण्यात उतरले आणि फटींत चिखल थापला. धार बारीक झाली, मग थांबली. पलीकडे आमचं निम्म्याहून जास्त धान अजून कोरडंच होतं. त्याच्यावर घर वर्षभर जेवतं, हे मला कोणी सांगायला नको.

हात तसेच घेऊन मी वर आले.

"भैयाजी, तुह्या बापानं मरता मरता लेकीच्या घरचा घोट घेतला नाही. तू तिच्या घरात चोरी केली. यंदा आपण अर्धपोटी राहू. अन् आजपासून माह्या घरात येशीन, तं जोडे बाहेर काढून ये."