थांबलेल्या कॉम्प्रेसरचा कौल

कॉम्प्रेसर बंद होता. तरीही थरथर दाखवणारा त्याचा काटा लाल पट्ट्यात उड्या मारत होता. कुवेतमधल्या मीना अब्दुल्ला रिफायनरीच्या त्या शेडमध्ये आमची कोकणातली शहाणी माणसं हेल्मेटं काढून, हात जोडून उभी होती.

"बा देवा म्हाराजा," फोरमन हरिश्चंद्र यंत्राला खेटून गाऱ्हाणं घालत होता, "ह्या यंत्राक सुदेशची बाधा आसा, तर काटो हलवन दाखय!"

काटा उडाला.

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

गावचा देव व्हिसा न काढता कुवेतला आला आणि थेट मीटरमध्ये बसला! कुणाला त्यात काही खटकलं नाही.

सुदेश ऑपरेटर. दसऱ्यापासून त्याच्याच ड्युटीत हे यंत्र वारंवार आपोआप बंद पडत होतं. तो जवळ गेला की बंद. कॅम्पातल्यांनी त्याच्या पंगतीला बसणं सोडलं. आता सुपरवायझर तुळशीदास त्याला कायमचं गावी धाडायला निघाला होता. जागा कुणाला? हरिश्चंद्राचा मेहुणा लवू तयारच होता. देवाला भरतीचीही काळजी!

"माझा काय चुकला, तां तरी सांगा," सुदेश रडवेला होऊन म्हणाला.

"गप रव! देव बोलता हा."

तेवढ्यात फरहीन आली. बाणकोटची पोरगी, इथली इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर.

"बंद मशीन थरथरतंय?" तिने विचारलं.

"हीच तर बाधा!"

"हरिश्चंद्रकाका, गाऱ्हाणं दोन्ही हात जोडून घालतात ना? तुमचा उजवा हात शर्टाखाली काय करतोय?"

"पोटात दुखता."

"दुखू दे. दोन्ही हात वर करा आणि विचारा देवाला."

सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? हात वर गेले. त्याने विचारलं. काटा ढिम्म. आणखी मोठ्याने विचारलं. काटा ढिम्मच.

"बाईमाणूस मधी इला, देव रागावलो!" हरिश्चंद्र म्हणाला.

तुळशीदासने पुढे होऊन त्याचा शर्ट वर केला. कमरेला वॉकी-टॉकी!

फरहीनने तो काढून घेतला आणि यंत्राच्या पायाशी वाकली. तिथे सेन्सरची लोखंडी पेटी होती, सताड उघडी, आत कुंकू.

"हे झाकण कुणी काढलं?"

"खंडेनवमीक पूजा केली," एकजण पुटपुटला. "देवाक कोंडूचा नाय, म्हणान उघडाच ठेवला."

"धन्य आहात! ह्यातलं सर्किट फिरत्या दांड्याची केसाएवढी थरथर मोजतं. थरथर वाढली की मशीन थांबवतं, नाहीतर दांडा तुटून तुमच्या छातीत घुसेल. उघड्या पेटीत वॉकी-टॉकीच्या लहरी शिरल्या की सर्किटला ती थरथरच वाटते. बघा."

तिने बटण दाबलं. काटा उडाला. झाकण घट्ट बसवून पुन्हा दाबलं. काटा जागचा हलला नाही.

"सुदेश, कंट्रोल रूमला तू वॉकी-टॉकीवर रिपोर्ट कुठून देतोस?"

"हयसूनच, मॅडम. बेअरिंगवर हात ठेवन, आवाज ऐकान."

"आणि बाकीचे?"

बाकीचे दारातूनच 'सब ठीक' कळवून परत फिरायचे. यंत्राजवळ जाऊन काम करणारा एकटा सुदेश. म्हणून यंत्र त्याच्याच हातून थांबायचं. हरिश्चंद्राने ही मेख ओळखली होती. झाकण लावायचं सोडून त्याने कमरेला वॉकी-टॉकी लावला.

सुदेश राहिला. तिकीट हरिश्चंद्राचं निघालं. पण माझा राग त्याच्यापेक्षा 'व्हय म्हाराजा' ओरडणाऱ्यांवर जास्त आहे. रोज वॉकी-टॉकी वापरणारी, यंत्रावर जगणारी ही माणसं! बंद यंत्र थरथरेल कसं, एवढं एकानेही विचारलं नाही. विचारा रे! यंत्र का थांबलं ते शोधा, कळत नसेल तर जाणकाराला गाठा. आणि कारण सापडेपर्यंत कुणाच्या पोटावर पाय देऊ नका.