काचेत ठेवलेली तिवई

मित्रांनो, मी एक जुनी तिवई आहे, आणि तुमची फसगत नको म्हणून आधीच सांगते, मी थापाडी आहे. तीन पाय, वर एक गोल फळी, उंची दीड वीत, एवढाच माझा जामानिमा. पण आमच्या शिक्षक-खोलीत नवं बाकडं आलं की मी त्याला ऐकवते, ज्या झाडातून मला कापलं त्याच्या सावलीत अडीचशे हत्ती दुपारची झोप काढायचे आणि ते झाड पाडताना सतरा कुऱ्हाडी ढसाढसा रडल्या. बाकडं बिचारं नवं असतं. त्याला खरं वाटतं.

खरी हकिगत एवढी रुबाबदार नाही. या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत पूर्वी हातभर उंच लाकडी चौथरा होता. चौथऱ्यावर टेबल, टेबलामागे खुर्ची आणि खुर्चीत मुख्याध्यापक. पालक असो, शिक्षक असो की पहिलीतलं पोर असो, खाली उभं राहणाऱ्याला साहेबांच्या नाकपुड्या आधी दिसायच्या, चेहरा मागाहून. मी त्या चौथऱ्याची एक फळी होते. माझ्यावर कुणी बसत नसे, सगळे माझ्यासमोर घाबरत असत. तेव्हा मला तोच मान वाटायचा.

मग मोठ्या बाई आल्या. ‘मोठ्या’ हे नाव त्यांना पुढे पडलं. उंचीने त्या एवढ्याशा, फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत हात पोचायचा नाही. पहिल्या दिवशी त्या चौथऱ्यावर चढल्या, खुर्चीत बसल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि खाली उतरून थेट सुतारमिस्त्रींना बोलावून आणलं.

“मिस्त्री, हा चौथरा काढून टाका.”

“काढतो की. पण लाकडाचं काय करू? सागवान आहे, बाई.”

“त्यातून मला बसायला काहीतरी करा. एका हाताने उचलता येईल असं, आणि बुटकं. माझ्याशी बोलताना पहिलीतल्या मुलालाही मान वर करावी लागता कामा नये.”

“गुडघे धरतील हो तुमचे.”

“धरू देत. इतकी वर्षं लोकांच्या माना धरल्या, आता माझे गुडघे.”

मिस्त्रींनी मला तीनच पाय लावले. बाईंनी विचारलं, चौथा विसरलात का? तर म्हणाले, “चार पायांची वस्तू उंचसखल जागी लंगडते. तीन पायांची कुठेही टेकते. तुमच्या शाळेची फरशी एकदा चालून बघा, मग बोला.” अशी मी जन्मले. चौथऱ्याची फळी होते, ती सगळ्यांच्या गुडघ्याखाली आले. पहिले चार दिवस मला फार अपमान वाटला.

पाचव्या दिवसापासून मात्र मला काम कळलं. मोठ्या बाई कुणालाही खोलीत बोलावत नसत. मला हाताला अडकवायच्या आणि ज्याचं काम असेल त्याच्या जागी जाऊन बसायच्या. शिपाईकाकांशी बोलायचं तर घंटेखाली. प्रयोगशाळेच्या ताईंशी बोलायचं तर नळाशेजारी, पाण्याचे शिंतोडे अंगावर घेत. नियम एकच, तिवईवर बसणाऱ्याने आधी ऐकायचं. बाईंचं ऐकणं असं जबरदस्त होतं की एकदा एक मुका खांबसुद्धा त्यांच्यासमोर बोलायला लागला आणि तासभर थांबेना. बरं, ही थाप आहे. पण गणिताचे सर बोलले, हे खरं आहे, आणि खांब बोलला असता तर लोकांना त्याहून कमी नवल वाटलं असतं.

गणिताचे सर म्हणजे करडा माणूस. त्यांचं आणि भाषेच्या बाईंचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. कारण काय, तर एक कपाट. कपाट कुणाचं यावरून सुरू झालं आणि थेट ‘तुमच्यामुळे मुलं नापास होतात’पर्यंत गेलं. सर म्हणायचे, मुलांना वाचता येत नाही. भाषेच्या बाई म्हणायच्या, वाचता येतं, तुम्ही शिकवत नाही. मोठ्या बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि मला सरांच्या हातात दिलं. “आठवडाभर त्यांच्या वर्गात मागे बसा. पुढच्या आठवड्यात त्या तुमच्या वर्गात बसतील.”

सर माझ्यावर बसले तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला लागले. पोरं हसली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीने त्यांना हळूच विचारलं, “सर, गणितात ‘उर्वरित’ असं असतं ना, ते गाव कुठे आहे हो?” सर घरी जाऊन जेवले नाहीत म्हणतात. दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन भाषेच्या बाईंना म्हणाले, “उदाहरणं आपण मिळून लिहू या का?” बाई म्हणाल्या, “आधी कपाटाची किल्ली द्या.” सरांनी दिली. मी दोघांच्या मधे होते. मला वाटलं, माझी फळी आता फुलते की काय.

पुढची चौदा वर्षं दुधात साखर. दुसऱ्या शाळांची माणसं आम्हाला बघायला यायची आणि मोठ्या बाईंना विचारायची, तुमचं गुपित काय? त्या माझ्याकडे बोट दाखवायच्या. मग तीही माणसं माझ्यावर बसून बघायची. एक साहेब एवढे वजनदार होते की ते बसल्यावर मी फरशीसकट खालच्या मजल्यावर गेले आणि लिफ्टसारखी वर आले. आमच्या शाळेला खालचा मजला नाही, ही गोष्ट वेगळी.

त्या कौतुकात एक गोष्ट मला दिसली नाही. कुणाचं काही बिनसलं की जो तो म्हणे, “बाईंना सांगू.” बाई आल्या की सगळं निस्तरायचं. सर आणि भाषेच्या बाई एकत्र आले, ते बाईंनी पाठवलं म्हणून. एकमेकांशेजारी बसायला कुणी मला आपणहून कधी नेलं नाही. वाटा सगळ्या होत्या, पण सगळ्या येऊन मिळायच्या बाईंपाशीच.

मोठ्या बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी मला शिक्षक-खोलीच्या मधोमध ठेवलं आणि म्हणाल्या, “ही इथेच राहू दे. कामाची आहे, वापरा.” सगळे रडले. सर तर खिडकीकडे तोंड करून उभे होते, खिडकीतून काहीही दिसत नसताना.

मित्रांनो, माझ्यावर ओढवलं ते वैऱ्याने केलं असतं तर मी त्याला भरपूर शिव्या दिल्या असत्या. पण ते केलं सरांनी, आणि केलं प्रेमाने. आठवड्याभरात त्यांनी मिस्त्रींकडून काचेचं कपाट करून घेतलं. मला स्वतःच्या हाताने पॉलिश केलं. आत ठेवलं, कुलूप लावलं आणि सुबक अक्षरांत पाटी लिहिली, ‘मोठ्या बाईंची बैठक. कृपया हात लावू नये.’ मिस्त्री आता म्हातारे झाले होते. ते काच बसवताना पुटपुटले, “बसायची वस्तू बघायला ठेवलीत, सर.” सर म्हणाले, “तुम्हाला नाही कळायचं.” रोज सकाळी ते खिशातल्या रुमालाने काच पुसायचे. मी चमकत होते. माझ्यावर कुणी बसत नव्हतं, सगळे माझ्यासमोर आवाज खाली करत होते. मी पुन्हा चौथरा झाले होते.

आणि मग मोठ्या बाईंच्या जागी नव्या बाई आल्या.

किरकोळ अंगाच्या, आवाज खालचा, हातात डबा आणि एक वही. शिक्षक-खोलीत आल्या, सगळ्यांना नमस्कार केला आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. पाटी त्यांनी नीट वाचली.

“सर, ही मी घेऊ का? मला वर्गांत जाऊन बसायचं आहे.”

चहाचे कप वाजायचे थांबले.

“ती मोठ्या बाईंची आहे,” सर म्हणाले.

“हो, वाचलं. म्हणूनच विचारते आहे.”

“तुमच्या खोलीत फिरती खुर्ची आहे की छान,” भाषेच्या बाई म्हणाल्या. “गोल गोल फिरते. सगळीकडचं दिसतं.”

कुणीतरी फिसकन हसलं. नव्या बाईही हसल्या, पण त्यांचे कान लाल झाले होते. काचेतून मला ते स्पष्ट दिसलं.

त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची नेली. ती उंच. वर्गात मागे बसल्या की शिक्षकांना वाटायचं, तपासणी आहे. त्यांनी विचारलं, “वेळापत्रक आपण सगळे मिळून ठरवू या का?” तर मागे कुजबुज झाली, “यांना काही येत नाही, म्हणून आपल्याला विचारतात. मोठ्या बाईंना विचारावं लागायचं नाही, त्यांना कळायचं.” धादांत खोटं! मोठ्या बाई विचारण्याशिवाय दुसरं काही करतच नव्हत्या. थापांतली मी जाणकार, मला विचारा. पण त्यांच्या आठवणीला इतकं पॉलिश झालं होतं की खालचं लाकूड कुणाला दिसेना.

भांडण कधी झालं नाही. नव्या बाई आत आल्या की बोलणं संपायचं, एवढंच. चालू असलेला विनोद अर्ध्यावर राहायचा. कुणी ‘बसा’ म्हणायचं नाही.

एका सकाळी पहिलीतली एक मुलगी आमच्या दारासमोरच्या व्हरांड्यात भिंतीला तोंड लावून उभी होती. तिची आई गावाला गेलेली, पोरगी दोन दिवस कुणाशी बोललेली नव्हती. शिपाईकाकांनी गोळी दिली, भाषेच्या बाईंनी चित्राचं पुस्तक दिलं, काही उपयोग नाही. नव्या बाई आल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, बसायला काही नव्हतं. त्या सरळ फरशीवर बसल्या, पाय पसरून, भिंतीला टेकून. काहीच बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने मुलगी खाली बसली. मग तिने आपला बूट काढून बाईंना दाखवला. मग बोलायला लागली, आणि बाई ऐकत राहिल्या.

अगदी तसंच, मित्रांनो. तसंच ऐकणं. मी चौदा वर्षं ते पेललं आहे, मला ओळखू येणार नाही का?

सर दारात उभे राहून ते पाहत होते. त्यांचा चेहरा बदलला. ते वळून माझ्याकडे आले. खिशात हात घातला, आणि मला किल्लीची किणकिण ऐकू आली. माझ्या तिन्ही पायांत जीव आला. काढा, सर. काढा मला. नुसतं नेऊन त्यांच्याजवळ ठेवा, बोलू नका काही.

सरांनी रुमाल काढला. काच पुसली आणि तासाला निघून गेले.

त्यानंतर नव्या बाईंचं दार हळूहळू मिटलं. बोलण्याऐवजी सूचनांचे कागद यायला लागले, शिपाईकाकांच्या हाती. “बघा, म्हटलं नव्हतं?” सगळे म्हणाले. एका दुपारी शाळा सुटल्यावर त्या शिक्षक-खोलीत एकट्याच आल्या. हातात बदलीचा अर्ज होता. त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या आणि तळहात काचेवर ठेवला.

“तू तरी सांग गं,” त्या म्हणाल्या, “कुठे चुकलं माझं?”

इथे मी तुम्हाला सांगू शकते की मी काच फोडून बाहेर उडी मारली. अडीचशे हत्ती तुम्ही गिळलेत, एक उडीही गिळाल. पण मी उडी मारली नाही. मी लाकूड आहे. त्या रडल्या आणि मी ऐकलं. काचेतून ऐकू सगळं येतं, टेकायला मात्र कुणाला देता येत नाही. आठ दिवसांनी त्या गेल्या. जाताना प्लॅस्टिकची खुर्ची पुसून जागेवर ठेवून गेल्या.

पुढच्या महिन्यात मोठ्या बाई सहज म्हणून आल्या, हातात काठी. सरांनी अभिमानाने त्यांना माझ्यासमोर उभं केलं. त्यांनी पाटी वाचली. दोनदा वाचली.

“नव्या बाई कुठे आहेत?”

“गेल्या. त्यांना जमलं नाही.”

“त्यांना?”

सरांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला.

“त्या तुमच्याजवळ बसायला आल्या होत्या का हो, सर?”

“आल्या होत्या.” सर म्हणाले. “तिवईच मागितली होती. मी नाही दिली.”

मोठ्या बाईंनी पाटीवर काठीचं टोक टेकवलं. मग म्हणाल्या, “चूक माझी आहे. मी प्रत्येकाजवळ जाऊन बसले. तुम्ही एकमेकांजवळ बसाल, ते बघायचं राहून गेलं.” त्यांनी मला बाहेर काढायला लावलं. पण माझ्यावर बसायला त्यांचे गुडघे आता वाकत नव्हते. माझ्या फळीवरून एकदा हात फिरवला आणि त्या गेल्या.

सरांनी पाटी काढून टाकली. नव्या बाईंना पत्र लिहिलं, चार वेळा खोडून. उत्तर दोन ओळींचं आलं. सरांनी ते माझ्यावर बसून वाचलं, गुडघे हनुवटीला लावून. ‘पत्र पोचलं. मनात काही ठेवलेलं नाही. मी इथे बरी आहे. इथे मला बसा म्हणतात.’

त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. खिडकीतल्या उन्हाने काचेत माझा एक सांधा वाळला आहे, त्यामुळे आता मी जराशी लंगडते. सर हलले की मी करकरत होते. त्यांना वाटलं असेल, तिवई जुनी झाली.

येत्या सोमवारी आणखी एक नवे मुख्याध्यापक येणार आहेत. सरांनी मला दाराशी ठेवलं आहे. मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याची वस्तू जपायची तर वापरून जपा. त्याच्या जागी कुणी नवं माणूस आलं, तर त्याला आधी ‘बसा’ म्हणा. तोलूनमापून मागाहून बघा. लाकूड भाराने मोडत नाही, बिनभाराचं वाळतं.

आजवर मी हजार थापा मारल्या, एकीचाही पस्तावा नाही. फक्त ही एक गोष्ट थाप असायला हवी होती.