प्रसादसुद्धा नाही

आठ आठवडे चिन्नाच्या तोंडी एका जातीच्या कोरड्या दाण्यांखेरीज काही म्हणजे काही जाऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. चेन्नईतल्या मैलापूरच्या त्या घरानं हा नेम दोनदा मोडला, आणि तोही एक अक्षर खोटं न बोलता.

चिन्ना म्हणजे रस्त्यावरून उचलून आणलेला गावठी कुत्रा. गहू, दूध, अंडं, कोंबडी, यांतलं काहीही पोटात गेलं की तो अंग खाजवून रक्त काढायचा. पहिल्या खेपेला पाचव्या आठवड्यात त्याची पाठ पुन्हा सोलवटली, तेव्हा विशालाक्षीनं घरातल्या दोघांनाही विचारलं. कुणीच काही खायला दिलं नव्हतं. मग एका संध्याकाळी थोरली जाऊ सरोजाक्का देवळातून आणलेला, तुपानं थबथबलेला गोड पोंगल-भात चिन्नाला भरवताना सापडली.

"अक्का! काही दिलं नाही म्हणालात ना?"

"म्यां सापाड कुठं दिल्हा? प्रसाद दिल्हा," सरोजाक्का म्हणाली. "प्रसाद कां जेवण होतं?"

आता यावर डोकं आपटावं तरी कुठं! दुसऱ्या खेपेला थोरले दीर व्यंकोजी यांनी रोज सकाळी पंचामृताचा एक चमचा चालवला. तेही जेवण नव्हतं. आणि चोर तो चोर वर शिरजोर, त्यांनीच फर्मान काढलं की तिसऱ्या खेपेला बरा झाला नाही तर कुत्रा गावाबाहेरच्या प्राण्यांच्या आश्रमात जाईल. घर त्यांच्या नावावर होतं, म्हणून विशालाक्षीला हो म्हणावं लागलं. पण नवरा गेल्यापासून तिच्याकडे हट्टानं काही मागणारा जीव उरला होता तो हा एकच, आणि त्याला ती सुखासुखी सोडणार नव्हती.

पहिलं काम, दाणे निवडणं. त्यात तिला कुणी शिकवायला नको होतं. अंबत्तूरच्या एका बिस्किट कारखान्यात तिनं अठ्ठावीस वर्षं पुड्यांवरचा मजकूर तपासला होता. पुडक्याच्या पुढच्या बाजूला कंपनी बोलते आणि मागच्या बाजूला कायदा, हे तिला पाठ होतं. दुकानात तिनं चष्मा पुसला आणि एकेक पोतं उलटं करायला सुरुवात केली. पुढं गुबगुबीत मेंढी, मागं चौथ्या ओळीत कोंबडीची चरबी. पुढं 'धान्यविरहित', मागं अंड्याची पूड. एकावर तर नुसतंच 'प्राणिज प्रथिनं'.

"कुठला प्राणी?" तिनं विचारलं.

"बेस्ट क्वालिटी, मा," दुकानदार म्हणाला.

"मी नाव विचारत्ये, गुण नाही."

व्यंकोजींनी आपल्या पसंतीचं हिरव्या ठिपक्याचं शाकाहारी पोतं आधीच घरी आणून ठेवलं होतं. त्याच्या यादीत गव्हाचं पीठ, गव्हाचा कोंडा आणि गव्हाचं ग्लूटेन निरनिराळं लिहिलेलं. तिघांची बेरीज केली तर पोतंभर गहूच! यादीत वजनानं जास्त ते आधी लिहावं लागतं; अशी वाटणी करून गव्हाला मागं ढकलायची चलाखी तिनं कारखान्यात शंभरदा पकडली होती. तिनं ते पोतं वॉचमनच्या कुत्र्यांना देऊन टाकलं.

सगळं गाळून उरलं ते एकच, मासा आणि बटाटा. जिनं जन्मात मासळीबाजाराची वाट धरली नव्हती, ती दहा किलोचं पोतं ऑटोत शेजारी बसवून घरी आली.

"माशाचं पोतं? ह्या घरांत?" व्यंकोजी ओरडले.

"मी खाणार नाही, भावजी. तुम्हीही खाऊ नका," ती म्हणाली आणि पोतं मागल्या दारी झाकणाच्या डब्यात ओतलं.

सहा आठवडे तिनं डोळ्यांत तेल घालून पहारा केला. देवळातून कुणी आलं की आधी चिन्नाला खोलीत घ्यायची, मग दार उघडायची. गल्लीत नावं ठेवली गेली, सरोजाक्कानं पंधरा दिवस अबोला धरला. पण चिन्नाच्या पाठीवर मऊ तांबूस केस उगवले. पहिल्यांदा हाताला लागले तेव्हा ती त्याच्या मानेत तोंड घालून रडली.

आणि मग चंपाषष्ठी आली. घराचं कुलदैवत खंडोबा. तंजावरात कित्येक पिढ्या काढून मग चेन्नईत आलेल्या ह्या घराण्यानं एक रीत सोडली नव्हती: त्या दिवशी भरीत-रोडग्याचा नैवेद्य आधी कुत्र्याला, मग माणसांना. म्हणजे गव्हाचा रोडगा, आणि भरतात दही.

व्यंकोजींनी मागल्या दारी केळीचं पान मांडलं. त्यावर रोडगा ठेवला, भरीत वाढलं. "विशाला, चिन्नाला सोड."

"नाही. प्रसादसुद्धा नाही."

"वर्षांत एक दिवस! देवाचं कुत्रं ते. त्यानं तोंड लावल्याशिवाय कुणी जेवायचं नाही, ठाऊक आहे ना तुज?"

"ठाऊक आहे. आज घास दिला तर सहा आठवडे पाण्यात. पुन्हा पाठ सोलवटेल, आणि तुम्ही त्याला आश्रमात धाडाल."

"मग देवाचा कोप ओढवून घ्यायचा कां?"

ती आत गेली. चिन्ना बाहेर आला तो तिच्या हातातल्या वाटीमागून. वाटी तिनं पानापासून चार हात लांब ठेवली. चिन्ना मासा-बटाट्याचे दाणे कुडुमकुडुम चावू लागला. मग साठी ओलांडलेली विशालाक्षी गुडघ्यांवर हात टेकत जमिनीवर, केळीच्या पानापुढं बसली.

"हे काय?" व्यंकोजींचा आवाज चिरकला. "तो कुत्र्याचा वाटा आहे!"

"खंडोबाचे वाघे स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात, जमिनीवरचं अन्न खातात. दरवर्षी पूजेला तुम्हीच सांगता ना? तर यंदा ह्या घरातलं देवाचं कुत्रं मी." तिनं रोडगा मोडला, भरतात बुडवला आणि घास तोंडात घातला.

सरोजाक्का दारात पळी धरून उभी होती.

विशालाक्षीनं सावकाश चावलं, गिळलं, आणि पान पुढं सरकवलं.

"कुत्रं जेवतंय, भावजी," ती म्हणाली. "भरीत वाढा अजून."