टॅलो क्रीकचा न संपणारा वॉल्ट्झ

लेस ट्रॅस्कॉटचं डोकं मंगळवारी सकाळी साडेदहाला फिरलं ते शनिवारपर्यंत जागेवर आलं नाही. त्यानंतर तरी आलं का, याबद्दल टॅलो क्रीकच्या खोऱ्यात अजून दोन तट आहेत.

झालं ते दुकानात. लेस खिळे घ्यायला उभा होता, पर्सी डुलिंग तंबाखू घ्यायला आणि आयव्ही बॅनरमन मूठभर पीठ नाकाशी धरून त्यात किडे आहेत का ते बघत होती. दुकानदाराच्या बायकोनं सहज विचारलं, "मग शनिवारी सपर वॉल्ट्झ कुणाबरोबर, आयव्ही?"

"या खेपेला एकाच माणसाबरोबर नाचावंसं वाटतंय," आयव्ही पिठावरची नजर न काढता म्हणाली, "पण तो बाबा नाचतच नाही." मग तिनं पीठ चांगलं असल्याचा निकाल दिला आणि पिशवी उचलून ती निघून गेली.

लेस दुकानातून बाहेर पडला तेव्हा त्याच्या हातात पर्सीची तंबाखू होती. खिळे पर्सी घेऊन गेला होता.

त्या खोऱ्यात न नाचणारे पुरुष दोनच. बाकीचे वेळप्रसंगी गाईबरोबरही नाचले असते. लेस नाचत नसे, कारण तो वाजवायचा. तेवीस वर्षं पत्र्याच्या हॉलमधल्या त्याच खुर्चीत बसून, डावा पाय जमिनीवर आपटत, त्यानं कॉन्सर्टिना वाजवली होती. ही हातात मावणारी षटकोनी पेटी, मधे भाता, दोन्ही बाजूंना चामड्याचे पट्टे. त्या पट्ट्यांत तळहात अडकवायचे आणि बोटांनी बटणं दाबायची. वाजवणाऱ्याची खरी परीक्षा पुढेच असते. एकाच बटणातून भाता दाबला की एक सूर निघतो आणि ओढला की दुसरा. पर्सी नाचत नसे, कारण तो पुकारायचा. कुठला नाच, कुणी कुठे उभं राहायचं, कधी थांबायचं, हे सगळं गळ्यातल्या शिट्टीच्या जोरावर.

आता आयव्ही म्हणाली ते या दोघांपैकी कुणाला?

हा प्रश्न लेसला तेवीस वर्षं उशिरा पडला होता. सपर वॉल्ट्झचा, म्हणजे रात्रीच्या जेवणाआधीच्या नाचाचा, नियम असा, की तो संपताना जो पुरुष जिच्याबरोबर असेल, त्यानं तिला जेवणाच्या टेबलाशी न्यायचं, तिची ताटली भरायची आणि शेजारी बसायचं. खोऱ्यातली निम्मी लग्नं त्या टेबलावर जमली. आयव्ही पहिल्यांदा बॅनरमनच्या हातात हात घालून सपरला गेली, तो वॉल्ट्झ लेसनंच वाजवला होता. स्वतःच्या हातांनी तिचं लग्न लावलं म्हणा ना. बॅनरमनला जाऊन सहा वर्षं झाली. त्या सहा वर्षांत आयव्हीला कुणी ना कुणी सपरला नेलं आणि लेस खुर्चीत बसून त्यांच्या पाठी बघत राहिला. त्याची इच्छा एवढीशीच होती. एकदा, फक्त एकदा, तिची ताटली आपण भरावी.

"मग जा की तिच्याबरोबर," त्याची बहीण मर्टल म्हणाली. ती दोघं एकाच घरात राहत आणि एकमेकांना नीट ओळखून असत, म्हणून फारसं बोलत नसत.

"मी नाचायला उठलो तर वाजवणार कोण?"

"मग वाजवत बस."

"वाजवत बसलो तर नाचणार कोण?"

"अरे देवा," मर्टल म्हणाली. "हे असं शनिवारपर्यंत चालणार आहे का?"

चाललं. बुधवारी मात्र लेसला त्याचा काका आठवला. हा काका म्हणे बाईला मिठीत घ्यायचा, पेटी तिच्या पाठीमागे धरायचा आणि वाजवता वाजवता नाचायचा. एकदा तर त्यानं दोन बायकांना एकदम घेऊन पोल्का केला आणि दोघींनाही वाटलं की तो आपल्याशीच नाचतोय. काका खोटारडा होता हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण हात लांब होते हेही खरं.

लेसनं सुरुवात कुंपणाच्या खांबापासून केली. खांबाला मिठी मारून तो वाजवू लागला तेव्हा त्याचा कुत्रा बिशप दोन-तीनदा खांबाभोवती फिरला आणि मालकाचं तोंड नेमकं कुठल्या बाजूला आहे ते हुंगून बघू लागला. गुरुवारी गोठ्यात पेंडीचं पोतं झालं. त्या दिवसापासून गाईंच्या धारा बादलीत वॉल्ट्झच्या तीन-तीनच्या ठेक्यात पडू लागल्या असं शेजारी सांगतात. शुक्रवारी मर्टलची पाळी आली.

दोन फेऱ्यांतच ती किंचाळली. "लेस, तू मला पिळतोयस."

"मी कुठे? सूरच तसा आहे. दाबायचा सूर आला की हात आवळणारच."

"आणि आता सोडून का दिलंस? पडले असते मी."

"हा ओढायचा सूर."

"म्हणजे तुझ्या गाण्यात जिथे जिथे दाब, तिथे तिथे बाईच्या बरगड्या? आणि हा पाय कशाला आपटतोस माझ्या पायावर?"

पायाचं मात्र खरंच अवघड होतं. तेवीस वर्षं तो डावा पाय दर दाबाला जमिनीवर पडत आला होता. तो वॉल्ट्झ नाचायचा कुठून? हात म्हणायचे वाजव, पाय म्हणायचे बस आणि डोकं म्हणायचं, अरे ती पर्सीबद्दल बोलली असली तर?

"तिलाच विचार ना," मर्टल पाय चोळत म्हणाली.

"विचारलं आणि ती पर्सी म्हणाली तर?"

"तर मी सुटले."

शनिवारी संध्याकाळच्या धारा आटोपून खोरं हॉलमध्ये जमलं. जमिनीवर मेणबत्त्यांचा चुरा टाकून पोरीसोरींनी ती घसरती केली होती. मागच्या खोलीत तांब्याच्या हंड्यात चहाचं पाणी ठेवलं होतं आणि टेबलावर खारवलेल्या मांसाची सँडविचेस आणि क्रीम भरलेले केक मलमलीच्या फडक्याखाली झाकून ठेवले होते. पर्सीनं केसांना एवढं तेल चोपडलं होतं की दिवे लावायच्या आधीच त्याच्या डोक्याचा उजेड पडत होता. लेसनं ते पाहिलं. हा माणूस तेवीस वर्षांत कधी तेल लावून आला नव्हता.

दिवेलागणीला पर्सीनं शिट्टी फुंकली आणि सपर वॉल्ट्झ पुकारला. "खांद्यावर थाप पडली की जोडीदारीण सोडायची," त्यानं नेहमीसारखं बजावलं, "आणि ज्याला थाप पडली त्यानं पुन्हा थापा मारत फिरायचं नाही. शिट्टी झाली आणि पेटी थांबली की संपलं. दोन्ही व्हायला हवं. एकानं भागत नाही. आणि शिट्टीनंतर थाप पडली, तर शिट्टी नव्यानं व्हायला हवी." एवढं बोलून तो मंचावरून खाली उतरला, सरळ आयव्हीपुढे गेला आणि वाकला.

लेसचा बेत असा होता, की खुर्चीत सुरुवात करायची, एक फेरी झाली की वाजवत वाजवत उठायचं आणि तिच्याकडे चालत जायचं. पण त्याच्याच सुरांवर पर्सी तिला घेऊन निघाला होता. थांबावं तर नाच बंद. न थांबावं तर आपणच पर्सीची सेवा करतोय. लेसला काही सुचेना. तो वाजवत राहिला, कारण हातांना तेवढंच येत होतं.

पर्सी मात्र हुशार. त्यानं आयव्हीला एक गिरकी दिली, दुसरी दिली आणि तिसऱ्या गिरकीला शिट्टी तोंडात घालून फुंकली. लोक थबकले. इतका आखूड सपर वॉल्ट्झ कुणी पाहिला नव्हता.

तेवीस वर्षांत शिट्टीनंतर लेसचा एक सूर जास्त पडला नव्हता. या वेळी पडला. मग दुसरा पडला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुन्हा नाचायला सुरुवात केली.

"लेस," पर्सी नाचता नाचता ओरडला, "शिट्टी झाली."

"काय?" लेस म्हणाला आणि उठला.

तो वाजवत गर्दीत शिरला. जोड्या बाजूला होत गेल्या, कारण नाचाच्या मधोमध पेटीवाला चालत येतोय असं त्यांनी पाहिलं नव्हतं आणि कुणीकडे सरकावं ते कुणाला कळत नव्हतं. लेस पर्सीच्या पाठीशी पोचला आणि तिथे त्याच्या ध्यानात आलं की थाप मारायला हात हवा. त्याचे दोन्ही हात पट्ट्यांत. एक हात काढावा तर पेटी बंद, पेटी बंद म्हणजे वॉल्ट्झ संपला, आणि संपला तर पर्सी जिंकला. तो पर्सीच्या मागे-मागे दोन फेऱ्या नुसता फिरला.

"हा काय करतोय?" पर्सीनं आयव्हीला विचारलं.

"मला काय विचारतोस? तुझ्या मागे लागलाय."

शेवटी लेसनं डोळे मिटून पेटीच पर्सीच्या खांद्यावर आपटली. एक भलताच सूर निघाला, बाहेर बांधलेले घोडे खिंकाळले म्हणतात.

"ही थाप नाही," पर्सी म्हणाला.

"थाप हातानंच मारायची असं कुठे म्हटलंय?" मर्टल भिंतीपाशी बसून ओरडली. तिला पुन्हा शुक्रवार नको होता.

नियम पर्सीनंच सांगितला होता आणि नियमात हात नव्हता. पर्सी विचारात पडला. विचारात पडला की तो जागीच थांबायचा. तेवढ्यात लेसनं दोन्ही हात आयव्हीभोवती टाकले, पेटी तिच्या पाठीमागे गेली आणि वॉल्ट्झ तिच्या मणक्यापाशी वाजू लागला.

दाबाला ती त्याच्या छातीशी यायची, ओढीला सुटायची. पुन्हा दाब, पुन्हा ओढ. दिसायला ते नाच कमी आणि ओले कपडे पिळणं जास्त वाटत होतं. लेसचा डावा पाय दर दाबाला जमिनीवर आदळत होता आणि आयव्ही दर दाबाला आपला पाय वेळेवर काढून घेत होती.

"सराव केलायस वाटतं," ती म्हणाली.

"खांबाबरोबर."

"बरा होता का?"

"उंच होता."

आता कोड्यानं दुसरं तोंड काढलं. लेसला वॉल्ट्झ संपवायचा होता, लगेच, याच क्षणी. पण थाप पडल्यामुळे मघाची शिट्टी बाद झाली होती आणि नवी फुंकायची तर ती पर्सीच्या गळ्यात. पर्सी भिंतीला पाठ टेकून, शिट्टी बोटांत धरून उभा होता आणि फुंकायचं नाव घेत नव्हता. त्याला परत थाप मारता येत नव्हती, पण न फुंकणं तर हातात होतं ना? लेसनं गत पहिल्यापासून घेतली. मग तिसऱ्यांदा. मग लोकांनी मोजायचं सोडलं. म्हातारी माणसं खाली बसली, मग मध्यमवयीन बसली. एक जोडपं वॉल्ट्झ सुरू झाला तेव्हा बोलत नव्हतं, त्यांचा आता साखरपुडा ठरला. मागच्या खोलीत चहा काळाकुट्ट झाला.

"आयव्ही," लेस तिच्या कानापाशी कुजबुजला. त्याचे खांदे भरून आले होते. "दुकानात म्हणालीस ते कुणाला?"

"जो उठेल त्याला."

"पण दोघेही उठलो."

"तिथेच सगळा घोटाळा झाला," आयव्ही म्हणाली. दाब आला, तिचा श्वास अडला. ओढ आली, तेव्हा तिनं वाक्य पुरं केलं. "मला वाटलं होतं, एकच उठेल."

"कोण?"

आयव्हीनं भिंतीकडे पाहिलं. ती विचार करत असावी, किंवा जीव गुदमरत असावा, लेसला कळेना. एवढं मात्र त्याला जाणवलं की ते दोघं भिंतीकडे सरकताहेत आणि सरकवणारा तो नाही. त्याचे हात अडकले होते, तिचे तर मोकळे होते. भिंतीपाशी येताच तिनं एक हात लांबवला, पर्सीच्या बोटांतली शिट्टी दोरीसकट आपल्याकडे ओढली आणि जोरात फुंकली. दोरी गळ्यात असल्यामुळे पर्सीही सोबत वाकला.

लेसनं काही ठरवलं नव्हतं. पण तेवीस वर्षांची सवय. शिट्टी कानात शिरली आणि हात आपोआप थांबले. गत नेमकी ओढीवर होती. भाता पूर्ण उघडा, हात दोन्हीकडे पसरलेले, मधे आयव्ही. जायला वाट मोकळी होती आणि ती उभी होती.

"ही शिट्टी धरायची का रे, पर्सी?" कुणीतरी विचारलं.

सगळ्यांनी पर्सीकडे पाहिलं. त्याची मान अजून दोरीबरोबर खाली होती. आयव्हीनं शिट्टी सोडली तसा तो सरळ झाला. त्यानं शिट्टी रुमालानं पुसली, तेल लावलेल्या केसांवरून हात फिरवला आणि लेसकडे, आयव्हीकडे, मग हॉलच्या छपराकडे बघितलं.

"शिट्टी झाली," तो अखेर म्हणाला. "पेटी थांबली." मग घसा साफ करून त्यानं नेहमीच्या आवाजात पुकारलं, "सपर."

लोक टेबलाकडे सुटले. लेस तसाच, पंख वाळवणाऱ्या पाणकावळ्यासारखा उभा. आयव्हीनं त्याच्या उजव्या हाताचा पट्टा सैल केला आणि तळहात बाहेर काढला. पेटी डाव्या हाताला लोंबत राहिली. मोकळ्या हाताकडे लेस बघत राहिला. आजवर या वेळी तो हात कधी मोकळा नसे आणि त्याचं आता काय करायचं ते त्याला उमगत नव्हतं.

"पण कोण उठेल असं वाटलं होतं तुला?" त्यानं पुन्हा विचारलं. "तो, का मी?"

"ताटली धर," आयव्ही म्हणाली.