बारक्याचे मोठे टायर

बारक्या सहा फूट एक इंच उंच होता. घरातलं शेंडेफळ म्हणून लहानपणी पडलेलं नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. लग्न झालं, कानशिलाजवळचे केस पिकायला लागले, तरी भावाच्या टायरच्या दुकानापासून डोंगरावरच्या टॉवरपर्यंत सगळ्यांसाठी तो बारक्याच. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि गणितात सपशेल गटांगळ्या खात होता. तिने त्याला मांडीला मांडी लावून शिकवलं. पुढे तिचा नवरा गेला आणि टायरचं दुकान तिच्या अंगावर पडलं, तेव्हा याच बारक्याने सहा महिने दुकानात उभं राहून जॅक कुठे लावायचा इथपासून सगळं तिला शिकवलं. नंतर ती त्याच्याही पुढे गेली. चाकं सरळ करायच्या मशीनवर तिचा हात असा बसला की लांबचे ट्रकवालेसुद्धा आधी "वहिनी आहेत ना?" असं विचारायचे आणि मगच गाडी आत घालायचे.

बारक्याची एक जुनी जीप होती. डोंगरमाथ्यावर मोबाइलचा टॉवर होता. तिथे काम करणारी माणसं आणि जनरेटरचं डिझेल वर पोचवायचं, हा त्याचा धंदा. रस्ता म्हणजे नुसता दगडधोंड्यांचा पट्टा. मागच्या आक्सलचा गाडीखाली लोंबणारा गोळा दगडांवर आपटायचा आणि त्याच्या काळजाचं पाणी व्हायचं. मोठे टायर घातले तर गाडी दोन इंच उंच होईल आणि ही कटकट कायमची मिटेल, असं त्याच्या डोक्याने घेतलं.

वहिनीने त्याला परोपरीने समजावलं. गाडी कारखान्यातून आली तशीच आहे, स्प्रिंगचे पाटे तेच, मडगार्डखालची जागा तेवढीच. टायर वाढला की तो जागा मागणार. एक तर पाटे बदलून गाडी उचलून घे, नाहीतर आहे त्यात एकच माप वर जा; त्यापुढे नको. ब्रेकला जास्त जोर लागेल तो वेगळाच. पण गाडी उचलायची तर ती दहा दिवस उभी राहणार, आणि तेवढ्यात टॉवरवाले दुसरी जीप लावणार. बारक्या सगळं ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच तुणतुणं वाजवायचा. दोन महिने हे चाललं. मग एका सकाळी तो जीपमध्ये चार टायर घालूनच दुकानासमोर हजर झाला. दोन मापं मोठे.

"घालून तर बघ वहिनी," तो म्हणाला. "नाही जमले तर काढून टाक. मी हूं की चूं करणार नाही."

भाऊ गेल्यापासून त्याने तिच्याकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. ती कुरकुरत उठली.

आधी तिने मडगार्डच्या आतलं प्लास्टिक दोन बोटं कापलं. मग चाकं चढवली, गाडी जमिनीवर टेकवली आणि बारक्याला स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं. स्वतः उताणी झोपून तिने बॅटरीच्या उजेडात बघितलं. टायर आणि ब्रेकची रबरी नळी यांच्यात बोटभर जागा उरत होती. सपाट जमिनीवर ती ठीक होती. पण पुढचं एक चाक ठोकळ्यावर चढवायचं, म्हणजे पाटे दबतात, आणि मग स्टेअरिंग पूर्ण वळवून बघायचं, ही खरी परीक्षा राहिली होती. ती तिला चांगली माहीत होती. नेमकी रॅम्पवर दुसरी व्हॅन चढलेली होती, ठोकळे तिच्याच चाकांखाली होते, आणि टॉवरवाल्यांचे बारक्याला फोनवर फोन येत होते.

"उद्या घेऊन ये," ती म्हणाली. "एक बघायचं राहिलंय."

येतो म्हणाला. जाता जाता त्याने घरावरून वळसा घेतला आणि आईला, म्हणजे वहिनीच्या सासूबाईंना, स्टुलावर चढवून पुढच्या सीटवर बसवलं, बाजारापर्यंत फिरवून आणलं. सासूबाई उतरल्या त्या हत्तीवरून उतरल्यासारख्या. गल्लीत ज्याला त्याला सांगत होत्या, सगळ्यांच्या गच्च्या दिसतात म्हणे वरून.

दुसऱ्या दिवशी बारक्या आला नाही. वहिनीने फोन केला तर म्हणाला, लोण्यासारखी चालतेय. आठवड्याने तिने पुन्हा आठवण केली, तो रविवारी येतो म्हणाला. रविवारी दुकानात इतकी गर्दी होती की तो न आल्याचंही तिच्या ध्यानात राहिलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, वर माणसं उतरवून रिकामे ड्रम घेऊन खाली येताना बारक्याची जीप वळणावर थांबली नाही. दरी फार खोल नव्हती. पण त्याच्यासाठी पुरेशी होती.

ते दिवस कसे गेले ते घरातल्या कुणालाच नीट सांगता आलं नसतं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून झोपून असत. जाऊ, म्हणजे बारक्याची बायको, औषधांच्या दुकानात कामाला होती; ती सगळ्यांच्या गोळ्या वेळेवर द्यायची आणि स्वतः जेवायची विसरायची. घरात कर्तं असं आता वहिनीच उरली होती, म्हणून गाडीचे कागद आणायला तिलाच जावं लागलं.

पोलिसांच्या आवारात जीप एका बाजूला कलून उभी होती. तपासणी अधिकारी भला माणूस होता. ब्रेक निकामी झाले, उतार तीव्र होता, असं त्याने लिहिलं होतं. जुन्या गाड्यांच्या नळ्या फुटतात, तो म्हणाला. गाडीची देखभाल कोण करायचं, असं त्याने विचारल्यावर वहिनी म्हणाली, मीच. त्याने तेही लिहून घेतलं आणि खुर्ची पुढे सरकवली. ती बसली नाही. पुढच्या डाव्या चाकाशी जाऊन वाकली.

नळी जुनी होऊन फुटली नव्हती. एका अंगाने ती घासून घासून काचेसारखी गुळगुळीत झाली होती आणि तिथेच चिरली होती. टायरच्या आतल्या बाजूवर तेवढ्याच उंचीला एक चकचकीत पट्टा उमटला होता, चाकाभोवती पूर्ण गोल. ठोकळ्यावर चढवून स्टेअरिंग वळवलं असतं तर अर्ध्या तासात दिसलं असतं. तिने हात पुसले, कागद घेतले आणि पायी घरी आली. वाटेत रिक्षा होत्या हे तिच्या लक्षातच आलं नाही.

सांगायचं की नाही, यात तिचे आठ दिवस गेले. शेवटी जाऊ पुन्हा कामावर जाणार होती त्या सकाळी वहिनी तिच्या खोलीत गेली. जाऊ पांढरा कोट इस्त्री करत होती. वहिनीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं: नळी, पट्टा, राहिलेली परीक्षा, व्हॅनखालचे ठोकळे. स्वतःची बाजू म्हणून एक शब्द मांडला नाही.

जाऊबाईने इस्त्री उभी करून ठेवली. बराच वेळ ती कोटाच्या बाहीवरची घडी बोटाने सपाट करत राहिली.

"आवाज यायचा," ती म्हणाली. "वळताना. डावीकडून, खर्र असा. मी दोनदा बसले होते गाडीत, दोन्ही वेळा ऐकला."

वहिनीने दार लोटून घेतलं.

"मी म्हटलं, वहिनींना दाखवा. तर म्हणाले, तिला दाखवलं की ती टायर काढूनच घेईल. थोडे दिवस जाऊ दे, आपोआप बसेल." तिचा आवाज तिथे फाटला. "मी पुन्हा विषय काढला नाही. मला काय कळतं गाडीतलं, असं वाटलं. मी तुम्हाला नुसता फोन केला असता तरी..."

वहिनी खाटेच्या कडेवर बसली. ऐकवलेली बोलणी, कान उपटून शिकवलेली गणितं, दोन महिने दिलेला नकार, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. तो तिला घाबरला होता. सहा फुटांचा माणूस, आणि हातातलं खेळणं काढून घेतील म्हणून गप्प बसला होता. रागावली असती ती, नक्की रागावली असती. त्याचं ओळखणं काही चुकलं नव्हतं.

दोघी रडल्या, पण एकमेकींच्या गळ्यात पडून नाही. एक खाटेवर, एक इस्त्रीच्या टेबलाशी. मग जाऊबाईने कोट अंगात घातला आणि निघताना दारात थांबली. एवढंच म्हणाली की हे सासूबाईंच्या कानावर जाऊ देऊ नका, त्या रस्त्याला शिव्या देतात तेच बरं आहे.

त्यानंतर दोघींत भांडण असं कधी झालं नाही. भाजी कुठली आणायची, लाइट बिल कोण भरणार, एवढं बोलणं व्हायचं. पण एकीने मान वर केली की दुसरी खाली घालायची. चार महिन्यांनी जाऊबाईने औषधांच्या दुकानाजवळ एक खोली घेतली. सामान हलवायला वहिनीच गेली. पडदे टांगून दिले, गॅस जोडून दिला, गळका नळ आवळून दिला. जाऊ जिन्यापर्यंत सोडायला आली. येत जा, असं दोघीही म्हणाल्या. सुरुवातीला महिन्यातून एकदा यायची, पुढे सासूबाईंच्या गोळ्या दुकानातल्या माणसाबरोबर यायला लागल्या.

आता घरात वहिनी आणि सासूबाई दोघीच. दुकान चालू आहे. वहिनीचं मन बारीकसारीक गोष्टींत अडकतं, एकच नट ती तीन-तीनदा आवळून बघते, आणि त्यामुळे काम हळू होतं; गिऱ्हाईक कुरकुरतं, पण जात नाही.

सासूबाईंना अलीकडे बरं वाटतं. भिंतीकडचं तोंड त्यांनी दाराकडे केलंय. परवा जेवताना त्या आपणहून बारक्याबद्दल बोलायला लागल्या. लहानपणी कसा हट्टी होता, काही हवं असलं की दारातच कसा फतकल मारून बसायचा. बोलता बोलता त्यांनी वहिनीच्या मनगटावर हात ठेवला.

"एक मात्र तू फार चांगलं केलंस हो," त्या म्हणाल्या. "त्याचा शेवटचा हट्ट पुरवलास. किती खुशीत होता पोरगा. दुसरी कुणी असती तर नाहीच म्हणाली असती."

वहिनीने हात हळूच सोडवून घेतला, त्यांच्या ताटात वाढलं आणि म्हणाली, "जेवा. गार होतंय."