एका कागदाची एकच तारीख

रोज सकाळी मस्टरवर सही करायची वेळ आली की साहेबराव सरांच्या कपाळावरची शीर उठायची. पहिल्या ओळीत मुख्याध्यापक, दुसऱ्या ओळीत शेख मुनीर, आणि त्यांच्या खाली साहेबराव. मुनीर सरांची सही अशी ऐसपैस, की तिचं शेपूट खालच्या चौकटीत लोंबायचं. मुनीर ते मुद्दाम सोडतात, अशी साहेबरावांची खात्री होती, आणि ती शंभर टक्के बरोबर होती. मुनीर ते मुद्दामच सोडायचे.

मंठा तालुक्यातल्या त्या हायस्कुलात दोघांना नेमणुकीचे आदेश एकाच दिवशी मिळाले होते. साल एक्क्याऐंशी, दिवस ऐन पितृपंधरवड्याचे. मुनीर आदेश खिशात घालून दुसऱ्या सकाळी शाळेत हजर झाले. साहेबराव पेढ्यांचा पुडा घेऊन घरी गेले, तर आई, साळूबाई, दारातच आडवी आली.

"पितरांच्या दिवसांत नव्या कामाला हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "नोकरी कुठं पळून चालली काय? घट बसू दे, मंग जा."

साहेबराव तेव्हा आईच्या शब्दाबाहेर नव्हते. घट बसले, ते रुजू झाले, आणि बघतात तर मस्टरवर त्यांच्या डोक्यावर एक नाव चढून बसलेलं. तेव्हापासून दोन माणसांवरचा राग त्यांच्या पोटात धुमसत होता, एक मुनीरवरचा आणि एक आईवरचा. आई वारली तेव्हा तो निम्मा व्हायला हवा होता. झालं उलटंच, आईच्या वाट्याचाही मुनीरकडे वळला.

दोन हजार सात साली मुख्याध्यापक निवृत्त व्हायला आले आणि हा सव्वीस वर्षांचा राग उकळून वर आला. खुर्ची सर्वांत जुन्या शिक्षकाला मिळणार, हा नियम. पण सर्वांत जुना कोण, याची यादी संस्थेनं कधी केलीच नव्हती. अध्यक्ष तातेराव हे भांडणाला टरकणारे गृहस्थ. त्यांनी पिढ्यानपिढ्यांचे कागद कॉम्प्युटरमध्ये घालायचं काढलं होतं. त्यांना यात सुटकेची वाट दिसली.

"यादी मशीनमधून काढू," त्यांनी जाहीर केलं. "मशीन जे नाव वर देईल तो मुख्याध्यापक. मंग माझ्या दारात कुणी बोंबलत यायचं न्हाई."

कागद कसे भरायचे हे ठरवायला त्यांनी एक समिती नेमली. साहेबराव प्रमुख, मुनीर आणि नंदाबाई सदस्य.

नंदाबाई शाळेत मराठी शिकवायच्या. त्या पहिल्यांदा शाळेत आल्या त्या एक्क्याऐंशीच्या दिवाळीनंतर, काखेत तान्हं पोर घेऊन. मस्टरवर त्यांचं नाव साहेबरावांच्या खाली. साहेबराव त्यांना पाठीमागे 'दिवाळीबाई' म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. बाई कधी भांडल्या नाहीत. त्या फक्त लक्षात ठेवायच्या, आणि ते जास्त वाईट असतं.

औरंगाबादच्या कंपनीनं मच्छिंद्र नावाचा माणूस पाठवला होता. चष्मा कपाळावर सरकवून बोलायची त्याची सवय. शाळेच्या ऑफिसात त्यानं मशीन मांडलं आणि तिघांना समोर बसवलं.

"कागदाचा नुसता फोटो काढून मशीनमध्ये टाकला तर तो सापडत न्हाई," तो म्हणाला. "प्रत्येक कागदाला आपण माहितीची चिठ्ठी लावून राह्यलो. कागद कसला, कुणाचा, कितव्या नंबरचा, कोणत्या तारखेचा. ह्याला मेटाडेटा म्हणतात. तुम्ही रकाने म्हणा, तरी बराबर. फक्त रकाने आधी ठरवा. एकदा कागद भरायला लागलो की रकाने बदलता येत न्हाईत. बदलले तर सगळं पहिल्यापासून."

मग त्यानं नमुन्याला नेमणुकीचा एक कागद काढला, आणि तो नेमका मुनीर सरांचा निघाला. वर संस्थेचा आदेश, त्यावर आदेशाची तारीख. खाली डाव्या कोपऱ्यात मुख्याध्यापकांच्या हातचा शेरा, 'रुजू करून घेतले', आणि त्याखाली दुसरी तारीख.

"आता ह्या कागदावर तारखा दोन," मच्छिंद्र म्हणाला. "रकान्यात कोणती घालू?"

साहेबरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रुजू होण्याची तारीख घातली तर मुनीर वर. आदेशाची घातली तर दोघे एकाच दिवसाचे, आणि बरोबरी झाली की वयानं मोठा असेल तो वर. मोठे साहेबराव होते. सव्वीस वर्षं ज्या गाठीवर ते दात रोवून बसले होते ती एका रकान्यानं सुटत होती.

"आदेशाची," ते म्हणाले. "खालचा शेरा म्हणजे काय, नुसती हजेरी."

मुनीर खुर्चीत सरळ झाले. "दोन्ही ठेवा की. आदेश दिनांक एक रकाना, रुजू दिनांक दुसरा. का हो मच्छिंद्र, ठेवता येतात ना?"

"येतात की. एक रकाना वाढवायला कितीसा वेळ लागतो?"

"न्हाई!" साहेबरावांनी टेबलावर थाप मारली. चहाचा कप बशीत उडाला. "एका कागदाची एकच तारीख. दोन ठेवल्या की यादी कोणत्या तारखेनं लावायची ह्यावर परत बोंबाबोंब. मी समितीचा प्रमुख हाय."

"प्रमुख हाय, मालक न्हाई," मुनीर म्हणाले. "तुम्हाला रुजू तारीख का नको ते साऱ्या शाळेला ठाऊक हाय. तुमच्या पितरांनी तुम्हाला अडवलं, त्याचा खर्चा मी का भरू?"

"माझ्या पितरांचं नाव काढायचं न्हाई!" साहेबराव उभे राहिले. "तुम्हाला काय, ना तिथी ना वार. मिळाला आदेश की निघाले पळत."

"आमची बी शब-ए-बरात असती, सर. आम्ही बी कबरीवर जाऊन गेलेल्यांसाठी दुआ मागतो. पण आमचे मेलेले आम्हाला कामावर जायला अडवत न्हाईत."

मच्छिंद्रनं चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पडद्याकडे बघायला लागला. असल्या भांडणाचे पैसे कंपनी देत नव्हती.

"मत घ्या," साहेबराव म्हणाले खरे, पण म्हणताक्षणी पस्तावले. मत नंदाबाईंच्या हातात होतं, आणि नंदाबाईंशी गोड बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

बाईंनी मुनीर सरांच्या कागदाकडे पाहिलं, मग साहेबरावांकडे. चहाचा एक घोट घेतला.

"साहेबराव सर म्हणतात तसं करा," त्या म्हणाल्या. "आदेश म्हणजे आदेश. माणूस कधी उगवला त्याला काय अर्थ?"

मुनीर सरांच्या पोराला बाईंनी दहावीत मराठी फुकट शिकवलं होतं, त्या बाईंकडून हे त्यांना अपेक्षित नव्हतं. तोंड कडवट करून ते उठले.

साहेबरावांनी लगेच ठराव लिहून घेतला. नेमणुकीच्या प्रत्येक कागदाची एकच तारीख धरावी, आणि ती आदेशाची. रुजू दिनांकाचा रकाना ठेवू नये, पुढे वाढवू नये. 'पुढे वाढवू नये' याच्याखाली त्यांनी स्वतःच्या हातानं रेघ ओढली. तिघांच्या सह्या झाल्या. मुनीर सरांनी सही केली ती 'अमान्य' असं लिहून, शेपटासकट.

पुढचे काही आठवडे साहेबराव डोळ्यांत तेल घालून मशीनजवळ बसायचे. स्वतःचा कागद आणि मुनीरचा कागद, दोन्हींची तारीख भरताना त्यांनी मच्छिंद्रला अक्षर न् अक्षर मोठ्यानं वाचायला लावलं. बाकीचे कागद त्यांनी त्याच्या हवाली केले. बाकीच्यांशी त्यांचं काही भांडण नव्हतं. स्टाफरूममध्ये ते आता मुनीर दिसले की शिट्टी वाजवायचे. एकदा मुनीर त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वाजवा, सर. दम असंल तवर वाजवा." साहेबरावांनी वाजवली.

गणपती उठले, आणि तातेरावांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. मच्छिंद्रनं मशीनकडे यादी मागितली, मशीन थोडा वेळ घुमलं आणि प्रिंटरमधून कागद कुरकुरत बाहेर आला. तातेरावांनी तो हातात घेतला, वाचला, उलटा केला, परत सुलटा केला.

"पहिलं नाव नंदाबाईंचं," ते म्हणाले.

साहेबरावांना वाटलं, अध्यक्षांचा चष्मा घरी राहिला.

"दुसरे साहेबराव, तिसरे शेख मुनीर."

"काय मजाक लावलाय!" साहेबरावांनी कागद ओढून घेतला. नंदाबाईंच्या नावापुढे आदेशाची तारीख होती, एक्क्याऐंशीच्या जूनची. "खोटं हाय हे! ही बाई दिवाळीनंतर आल्ती. मी स्वतः बघितलंय, काखेत पोर घेऊन आल्ती! जूनमध्ये आम्ही कुणीच नव्हतो हितं!"

"तुम्ही नव्हता, सर. आदेश व्हता," नंदाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गात कविता सांगतात तसा स्वच्छ होता. "शाळा उघडली तेव्हाच माझा आदेश निघाला. मी भोकरदनला माहेरी, पहिलं बाळंतपण. जुन्या अध्यक्षांनी जागा राखून ठेवली, तसं पत्र फायलीत हाय. बाळंत झाले, दुखणं लागलं, आईनं दिवाळीपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं न्हाई. मंग रुजू झाले, म्हणून आजवर तुमच्या खाली सही केली."

"मंग रुजू तारीख बघा ना!" साहेबराव ओरडले. "मच्छिंद्र, काढ हिची रुजू तारीख! मशीनवर दाखव सगळ्यांना!"

मच्छिंद्रनं चष्मा कपाळावर सरकवला. "तो रकानाच न्हाई, सर. तुम्हीच ठेवू दिला न्हाई."

"आत्ता वाढव!"

"ठरावात लिहिलंय, पुढे वाढवू नये. खाली रेघ बी मारलीय."

मुनीर पहिल्यांदा हसले. ते चांगलं हसू नव्हतं. त्यांचीही खुर्ची गेली होती. गेली ती गेली, पण हिशोब ते सोडणार नव्हते.

"दोन रकाने ठेवा म्हणलो व्हतो," ते साहेबरावांना म्हणाले. "तवा मी पहिला राह्यलो असतो, तुम्ही दुसरे. आता मी तिसरा, आणि तुम्ही? तुम्ही दुसरेच. एवढा तमाशा करून जागेवरनं तसूभर हालला न्हाईत."

तातेरावांनी यादीवर सही करून टाकली. त्यांना घरी जेवायला जायचं होतं.

मुख्याध्यापक निवृत्त झाले तेव्हा पुन्हा पितृपंधरवडा चालू होता. ऑक्टोबरच्या पहिल्या सकाळी नंदाबाई पदभार घ्यायला ऑफिसात आल्या, तेव्हा साहेबराव आधीच येऊन बसले होते. रात्रभर त्यांनी एकच विचार केला होता. बाईंनी पदभार घ्यायला थोडा उशीर केला, तर जालन्याला शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊन ठराव रद्द करून आणता येईल. तेवढे दिवस हवे होते. बाई त्यांच्याहून लहान होत्या. आज खुर्चीत बसल्या तर साहेबराव निवृत्त होऊन घरी जाईपर्यंत त्या उठणार नव्हत्या. पुढे संधी नव्हती.

"बाई," ते म्हणाले, आणि आवाजात जमेल तेवढी माया आणली. "पितरांचे दिवस हायत. असल्या दिवसांत नव्या कामाला हात लावू न्हाई. खुर्ची कुठं पळून चालली काय? घट बसू द्या, मंग घ्या पदभार."

शब्द तोंडातून बाहेर पडले, आणि मग त्यांना ते ऐकू आले. ते शब्द त्यांचे नव्हते, साळूबाईचे होते, दारात आडवं येऊन म्हटलेले. सव्वीस वर्षं त्यांनी ज्यासाठी आईला मनातल्या मनात शिव्या घातल्या, ते त्यांनी आता स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं, आणि तेही लबाडीनं. आई निदान लबाड नव्हती. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

नंदाबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"एकदा थांबले व्हते, सर," त्या म्हणाल्या. "बस झालं."

त्यांनी पदभाराच्या कागदावर सही केली, मग मस्टर ओढलं आणि पहिल्या ओळीत सही केली. मस्टर नव्यानं लिहिलं होतं, यादीच्या क्रमानं. दुसऱ्या ओळीत साहेबरावांचं नाव, तिसऱ्या ओळीत मुनीर. मुनीरच्या वरची जी ओळ साहेबरावांना सव्वीस वर्षं हवी होती ती शेवटी त्यांना मिळाली होती. त्यांनी सही केली आणि पेन बंद केलं.

त्यांच्या मागून मुनीर आले. त्यांनी मस्टरकडे पाहिलं, साहेबरावांकडे पाहिलं, आणि सावकाश सही केली. या वेळी त्यांनी शेपूट वरच्या बाजूला काढलं होतं, थेट साहेबरावांच्या चौकटीत.